बडोद्यात राहून आल्पाइन चढाईची तयारी: आधी धारेवर चालायला शिका

हिमालयातली माझी पहिली मोठी चढाई एका सोप्या धारेवर, म्हणजे डोंगराच्या अरुंद कण्यावर, संपली. दोर लावावा असं तिथं काहीच नव्हतं. हाताने कातळ धरत, पाऊल नीट रोवत तासाभरात ओलांडायची जागा. मला तीन तास लागले, आणि शिखर समोर दिसत असताना नेत्याने परत फिरायला सांगितलं. त्याचा निर्णय बरोबर होता. माझा दम शाबूत होता, हातात ताकद होती, कृत्रिम भिंतीवर मी बऱ्यापैकी अवघड चढत असे. दोन्ही बाजूंना दरी दिसत असताना सोप्या कातळावर न थांबता चालत राहणं मात्र मला येत नव्हतं.

ते शिकायला पुढे दोन वर्षं गेली, आणि त्यातले बरेच महिने चुकीच्या क्रमाने शिकण्यात गेले. बडोद्यातून कुणी या वाटेला लागत असेल तर त्याचे ते महिने वाचावेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आल्पाइन चढाई म्हणजे कमी सामान घेऊन, जागोजागी तळ न मांडता, कातळ, बर्फ, घसारा (सुट्या दगड-मुरमाचा उतार) असं जे समोर येईल त्यावरून वेगाने वर जाणं आणि त्याच वेगाने उतरणं. यातला बराचसा भाग ‘स्क्रॅम्बलिंग’चा असतो. चालण्यापेक्षा अवघड, प्रस्तरारोहणापेक्षा सोपा, हात आणि पाय दोन्ही लागतात असा. आल्प्समधलं मॅटरहॉर्न ४,४७८ मीटर उंच आहे. त्याच्या हॉर्नली धारेवर एकेक हालचाल सुटी पाहिली तर फार कठीण नाही. कठीण आहे ते असं शेकडो मीटर सलग करत राहणं. १८६५ साली पहिल्यांदा सात जण या धारेने माथ्यावर पोहोचले, आणि त्यांतले चौघे उतरताना पडून गेले. उतरण्याबद्दल मी पुढे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, ते यासाठी.

१. आधी पाय: जिने आणि पाण्याच्या बाटल्या

बडोदा समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर आहे आणि गावात टेकडी नाही. म्हणून जिना. दहा मजली इमारत साधारण तीस मीटर चढ देते. वीस फेऱ्या केल्या की सहाशे मीटर होतात. सोसायटीच्या सचिवांना आधी सांगून ठेवा. पहाटे पाच वाजता पाठीवर सॅक घेऊन जिन्यात फिरणाऱ्या माणसाकडे वॉचमन संशयाने पाहणारच.

पहिले दोन महिने सॅक रिकामी ठेवा. मग दर दोन आठवड्यांनी दोन लिटर पाणी वाढवत दहा किलोपर्यंत जा. सॅकेत पाणीच भरायचं, विटा किंवा डंबेल नाही, कारण सुरुवातीच्या काळात वर गच्चीवर पोहोचलात की पाणी कुंड्यांना घालून रिकाम्या सॅकेने उतरता येतं आणि गुडघे वाचतात. चौथ्या महिन्यापासून वजनासकट उतरायला लागा. मांडीचे स्नायू उतरतानाच खऱ्या अर्थाने कसाला लागतात, आणि डोंगरावर पाय लटपटायला लागतात तेही उतरतानाच.

वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. धाप लागेपर्यंत पळत चढणं हा नवख्यांचा पहिला सापळा आहे. आठवड्यात एकदा ते ठीक, पण बाकीचे दिवस संथ आणि लांब. आल्पाइन दिवस दहा-बारा तासांचा असतो.

एप्रिल ते जूनमध्ये सकाळी सातनंतर बाहेर मेहनत करू नका. आपल्याकडचा उन्हाळा माणसाला कणखर करत नाही, नुसता थकवतो. नवरात्रीत मात्र नऊ रात्री मनसोक्त गरबा खेळा. घोटे, पोटऱ्या आणि तोल यांना इतका चांगला व्यायाम दुसरीकडे पैसे देऊन मिळत नाही.

२. हात आणि तोल: जमिनीपासून तीन फुटांवर

गावात जुम्मादादा व्यायाम मंदिरासारखे जुने आखाडे आहेत. ज्यांच्या घरात मल्लखांबाची परंपरा आहे त्यांनी ती पुन्हा सुरू करावी. पायाच्या बोटांनी पकड घेणं आणि शरीर उलटंसुलटं असताना डोकं शांत ठेवणं मल्लखांब फार लवकर शिकवतो.

खऱ्या दगडासाठी ईडर. साबरकांठ्यातले ग्रॅनाइटचे प्रचंड गोल धोंडे चढाईच्या सरावासाठी उत्तम आहेत. जमिनीपासून तीन-चार फुटांवर राहून आडवं जायचं, वर चढायचं नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा. ग्रॅनाइट खरखरीत असतो, बुटाचा तळवा त्यावर चिकटून राहतो. सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, तसा नाही. ईडरच्या भरवशावर सह्याद्रीत पाऊल टाकलंत तर फसाल.

इथे तीन सवयी लावून घ्या. दोन हात, दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवायचा, बाकीचे तीन रोवलेले. पकड आधी तळव्याने ठोकून पाहायची. आवाज पोकळ आला तर ती सोडून द्यायची. आणि पकड खाली दाबायची, बाहेर ओढायची नाही. सुटा दगड दाबला तर बहुतेक वेळा जागेवर राहतो, बाहेर ओढला तर तुमच्यासकट येतो.

मग उतरणं. चढलेली प्रत्येक जागा उतरून पाहा. सोपी असेल तर दरीकडे तोंड करून, मध्यम असेल तर अंग तिरकं ठेवून, उभी असेल तर कातळाकडे तोंड करून. मी पुढे स्वतःसाठी एक नियम केला, आणि तो अजून पाळते: जी जागा मला दोराशिवाय उतरता येत नाही, ती मी दोराशिवाय चढत नाही.

३. पावागड: पहिला पूर्ण दिवस

पावागड पन्नासेक किलोमीटरवर, सुमारे आठशे मीटर उंच. विश्वामित्री तिथूनच निघते, तेव्हा आपल्या गावाच्या नदीच्या उगमाकडे चाललोय असं म्हणा. पायथ्याच्या चांपानेरपासून पायी चढा. माचीपर्यंत गाडीने जाऊन पुढे रोपवे घेतला तर सराव होत नाही. पायथा ते माथा दिवसातून दोनदा, पाच किलो वजनासह, हे जमलं की पुढच्या टप्प्याला हरकत नाही.

रविवार, पौर्णिमा, चैत्र आणि आश्विन नवरात्र टाळा. भाविकांच्या गर्दीत सरावही होत नाही आणि त्यांनाही त्रास होतो. चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. जुन्या तटबंदीवर चढायचं नाही, कातळात खिळे-बोल्ट ठोकायचे नाहीत, पायवाट सोडून आडरानात शिरायचं नाही.

वेळेचा हिशोब इथेच शिकून घ्या. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला आडाखा अजून चालतो: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. घरी कागदावर वेळ काढा, डोंगरावर प्रत्यक्ष किती लागला ते लिहा. चार-पाच फेऱ्यांत तुमचा स्वतःचा गुणाकार कळतो. माझा घसाऱ्यावर दीड येतो, कातळाच्या धारेवर दोनच्या वर.

४. साल्हेर-सालोटा: दृष्टिभयाची पहिली ओळख

सह्याद्रीतले भटके ज्याला ‘दृष्टिभय’ म्हणतात, म्हणजे जागा सोपी पण खाली पाहिलं की पोटात गोळा येतो, ते अंगवळणी पाडायला बडोदेकरांसाठी नाशिक जिल्ह्यातलं बागलाण सगळ्यांत सोयीचं. साल्हेर १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, डांगच्या जंगलाला अगदी लागून. व्यारा-सोनगडमार्गे रात्रीचा प्रवास करून पहाटे वाघांबे गावात पोहोचता येतं. सोनगड म्हणजे पिलाजीराव गायकवाडांची गादी, त्यामुळे आपल्या घरच्याच वाटेवरून जाणं झालं.

वाघांब्यातून साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्या मधल्या खिंडीत चढा. आधी सालोटा करा, मग साल्हेर. पुष्कळ लोक उलट करतात आणि दमलेल्या पायांनी सालोट्याला जातात. सालोटा खडा आहे, कातळात कोरलेल्या पायऱ्या तुटलेल्या आहेत, वर बारीक मुरमाचा घसारा आहे. मीही पहिल्यांदा उलट क्रमाने केलं होतं. सालोट्याच्या उतारावर संध्याकाळ झाली, सोबतच्या मुलाच्या पायाखालचा दगड सुटला आणि माझ्या खांद्याला घासून दरीत गेला. चूक सर्वस्वी माझी होती. मी त्याच्या बरोबर खाली, सरळ रेषेत उभी होते.

म्हणून: घसाऱ्यावर एकामागे एक सरळ रेषेत उभं राहू नका. एक तर अगदी चिकटून चाला, म्हणजे दगडाला वेग येण्याआधीच तो अडवता येईल, नाहीतर एकाने पूर्ण उतरून बाजूला गेल्यावर दुसऱ्याने निघा. दगड सुटला की ‘दगड!’ असं जोरात ओरडा, लहान असला तरी. खालच्याने मान वर करायची नाही, कातळाला चिकटून हेल्मेट पुढे करायचं.

साल्हेरच्या माथ्यावर परशुरामाचं मंदिर आहे. तिथं टेकून जेवा, पण दुपारी दोनला उतरायला लागा, पुढचं काही राहिलं असलं तरी.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध. पावसाळ्यात बेसाल्टवर शेवाळ धरतं आणि धारेवर वारा उभं राहू देत नाही. फेब्रुवारीनंतर वाळलेलं गवत पायाखाली तेलासारखं सरकतं. ओल्या कातळाला सगळे भितात, वाळक्या गवताला कुणी भीत नाही. आणि आग्यामोहोळ. कड्याच्या पोटात पोळी लटकलेली असतात. अत्तर, डिओ लावू नका, धूर करू नका, कड्याखाली आरडाओरडा करू नका. धारेवर माश्या मागे लागल्या तर पळायला जागा नसते.

५. दोर कधी आणि कुठे शिकायचा

चार-पाच धारा हात-पाय वापरून झाल्यावर, त्याआधी नाही. अबूला गुजरात सरकारची स्वामी विवेकानंद गिर्यारोहण संस्था आहे, तिथे प्राथमिक आणि प्रगत अभ्यासक्रम होतात. प्राथमिक करा. व्हिडिओ पाहून गाठी शिकता येतात, त्या गाठीवर जीव टाकायला शिकता येत नाही.

घरी परतल्यावर रोज दहा मिनिटं गाठींना द्या: फिगर एट, क्लोव्ह हिच, म्युन्टर, प्रुसिक. डोळे मिटून, मग एका हाताने, मग हिवाळ्यात लोकरीचे हातमोजे घालून.

या टप्प्यावर सगळ्यांत मोठा धोका हा समज आहे की दोर बांधला म्हणजे आपण सुरक्षित. चार जण एका दोराला बांधलेले, मध्ये कुठेही पक्का आधार नाही, तर एक घसरला की तो चौघांना नेतो. धारेवर दोर वापरायचा म्हणजे तो कातळाच्या सुळक्यांमागून, धोंड्यांना वळसा घालत, दोन माणसांमध्ये सतत काहीतरी अडकेल असा न्यायचा. ते जमत नसेल तर दोर सॅकेत ठेवा, किंवा जागाच सोडून द्या. मी एकदा पैसे भरून एका गटाबरोबर गेले होते. त्यांनी बारा जणांना एका जाड दोराने ओवून धार ओलांडवली. आज कळतं की त्या दिवशी आम्ही नशिबाने परत आलो. असं कुणी करताना दिसलं तर नम्रपणे कमरेची गाठ सोडा आणि मागे फिरा.

६. लांब धारा

आता एका दिवसात एक डोंगर नाही, दोन-तीन दिवस सलग धार. नाशिककडची सातमाळा रांग यासाठी माझी सर्वांत आवडती आहे: अहिवंत, मार्कंड्या, रावळ्या-जावळ्या, धोडप, कांचना असे किल्ले एका ओळीत उभे आहेत. सगळी रांग एकदम धरू नका. मार्कंड्या ते धोडप एवढंच आधी करा. नंतर अलंग-मदन-कुलंग. तिथे कातळटप्प्यांना दोर लागतोच, आणि पाचव्या टप्प्यातलं शिक्षण पहिल्यांदा खरं वापरलं जातं. बडोद्याहून रात्रीच्या गाडीने दादर आणि तिथून कसारा.

धारेवरचं सगळं गणित पाण्याचं आणि पळवाटांचं. धारेवर झरा नसतो. किल्ल्यांवरची टाकी फेब्रुवारीत आटतात किंवा पाणी पिण्याजोगं राहत नाही. माणशी चार लिटर घ्या. नकाशावर आधीच खुणा करून ठेवा की कुठल्या खिंडीतून कुठल्या गावात उतरता येतं, आणि दोन खिंडींच्या मधल्या भागाला किती वेळ लागेल. एकदा खिंड सोडून पुढे गेलात की पुढच्या खिंडीपर्यंत खाली उतरायची सोय नाही, हे मनात पक्कं असू द्या. प्रत्येक खिंडीत दोन मिनिटं थांबून तीनच प्रश्न विचारायचे: किती वाजले, किती पाणी आहे, सगळ्यात दमलेला माणूस कोण. निर्णय त्या दमलेल्या माणसाच्या चालीवरून घ्यायचा.

गावातला वाटाड्या घ्या. त्याच्याकडे पाहत चाला, तो पाय कुठे ठेवतो आणि कुठे मुद्दाम ठेवत नाही ते पाहा. एक मुक्काम त्याच्या घरी करा, ठरलेले पैसे वेळेवर द्या. आमच्या वाटाड्याकाकांनी मला एका सकाळी घसाऱ्यावर टाच रोवून कसं उतरायचं ते शिकवलं, आणि माझी उतरायची भीती निम्मी झाली.

७. हिमालय: आधी कातळ, मग बर्फ

लोक इथे थेट सहा हजार मीटरच्या शिखराचे पैसे भरतात. तसं करू नका. धर्मशाळेवरचा इंद्रहार पास, ४,३४२ मीटर, ही तोपर्यंतच्या सगळ्या मेहनतीची योग्य परीक्षा आहे. त्रिउंडच्या पुढे, लाहेशच्या गुहेपासून वर सगळे धोंडे आणि उभे कातळ. जून किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. बडोद्याहून पठाणकोटला थेट गाड्या आहेत.

विरळ हवेची तयारी बडोद्यात होत नाही, कितीही जिने चढा. ती फक्त वर जाऊन, हळू जाऊन होते. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती. डोकं दुखतंय आणि जोडीला मळमळ किंवा चक्कर आहे, तर आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जातोय, बोलणं अडखळतंय, बसल्या जागी धाप लागतेय, तर त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी.

यानंतर बर्फाचं शिक्षण: उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, किंवा मनालीची संस्था. प्राथमिक अभ्यासक्रम जवळपास महिनाभराचा असतो. प्रगतसाठी त्यात ‘ए’ श्रेणी लागते, म्हणून तयारी न करता जाऊ नका. जागा फार आधी भरतात. अर्ज सुटले की त्याच दिवशी भरा, आणि नोकरीतल्या रजेचं वर्षाच्या सुरुवातीलाच बोलून ठेवा.

लागणारं सामान

- हेल्मेट: गिर्यारोहणाचंच, ‘ईएन १२४९२’ हे युरोपीय मानक छापलेलं. स्कूटरचं किंवा बांधकामाच्या साइटवरचं पिवळं चालत नाही. चौथ्या टप्प्यापासून सक्तीचं.
- बूट: पुढचा भाग टणक, तळवा चिकट, बोटं पुढे आपटणार नाहीत एवढी जागा. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.
- हार्नेस (दोर बांधायचा कमरपट्टा), लॉक असलेले तीन कॅराबिनर (धातूच्या कड्या), दोन लांब स्लिंग (शिवलेल्या पट्ट्या), प्रुसिक गाठीसाठी बारीक दोराचे दोन फास: पाचव्या टप्प्यापासून.
- दोर: पडणाऱ्याला झेलायचा तो ताणला जाणारा डायनॅमिक, ‘ईएन ८९२’. रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून घसरत उतरायचा, न ताणणारा स्टॅटिक वेगळा. त्यावर चढताना पडलात तर झटका अंगाला बसतो. हार्डवेअरच्या दुकानातला नायलॉन दोर कशालाही नाही. जुना वापरलेला दोर कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.
- हेडलॅम्प, जादा सेल, शिट्टी, वारा अडवणारं जॅकेट, प्रथमोपचार, कागदावर छापलेला नकाशा.

कागदपत्रं

- आधार कार्ड आणि दोन प्रती, पासपोर्ट आकाराचे फोटो.
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. संस्थांचा ठरावीक नमुना असतो, त्यावरच घ्या. साध्या लेटरहेडवरचं परत येतं.
- जोखमीचं संमतिपत्र. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची सही.
- विमा. घरची मेडिक्लेम पॉलिसी काढून ‘काय भरून मिळणार नाही’ हे पान वाचा. साहसी खेळ बहुतेक वेळा तिथेच वगळलेले असतात. लागलं तर वेगळा विमा घ्या.
- अभयारण्यातून वाट जात असेल तर वनखात्याची प्रवेश पावती.

घरी ठेवायचा कागद

निघण्याआधी एक पान लिहून घरी फ्रिजवर लावा. सोबत कोण, कुठल्या गावातून चढणार, कुठल्या खिंडीतून उतरणार, वाटाड्याचं नाव आणि गाव, गाडीचा नंबर, प्रत्येकाचा रक्तगट. खाली मोठ्या अक्षरात वेळ: ‘रविवारी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर’. पुढे क्रमाने काय करायचं ते. आधी वाटाड्याला फोन, मग ११२, आणि सह्याद्रीत असाल तर महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर. त्यांचा चालू क्रमांक निघण्याआधी तपासून त्याच कागदावर लिहा. माझी आई हा कागद वाचून दाखवायला लावते, आणि सातमाळ्याच्या वेळी तिने ‘नऊ’ खोडून ‘आठ’ केलं. मी ते तसंच ठेवलं, आणि त्या दिवशी शेवटची खिंड सोडून एक खिंड आधीच उतरलो. आठला पाच मिनिटं असताना फोन लावला.